बारावी पायरी

“माझ्या बाबांना तुम्ही पाडलंत, विश्वस्तसाहेब!”

अपघात विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारची बाई समोर उभ्या गृहस्थांवर कडाडली.

“अहो ताई, त्यांची पायरी चुकली.”

“चुकली? तीस वर्षं हा आंधळा माणूस अकरा पायऱ्या मोजून सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला येतोय. तुम्ही बारावी बांधलीत आणि त्यांना सांगितलं नाहीत.”

“फरशीच्या गडबडीत राहून गेलं हो.”

“ते पडले तेव्हा आत काय वाचत होतात?”

“आपल्या धर्मग्रंथाचा, तोराचा, या आठवड्याचा भाग.”

“त्यात काय होतं?”

“आंधळ्याच्या वाटेत... अडथळा ठेवू नकोस.”

“बाबा पडल्याचा आवाज आला नाही?”

“आला. पण वाचन अर्ध्यावर कसं थांबवणार?”

“शुद्धीवर आले की ते पहिलं हेच विचारतील, आज साहेबांनी काय शिकवलं? बोला, काय सांगू?”