गाय अजून बाहेर हाय

बोईसरच्या दवाखान्यात हेमांगी तान्हीला मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहत होती. शेजारी झिपरूआजा नातीच्या हातातल्या मोबाइलवरच्या गेममध्ये डोकं घालून बसला होता.

“आजा, वादळ येतंय. गाय गोठ्यात नाय गेली तर आजारी पडंल.”

“मग हाक ना, दीपाली!”

“मागून ढकलतेय, पण हलत नाय.”

“एवढं डोकं नि इवलेसे पाय! लाडवाला शिंगं लावलीत नुसती.”

“रात्र झाली की गेममधला हा शेतकरी आपोआप झोपतो.”

“गाय भिजत ठेवून? कसला मेला शेतकरी!”

“झिपरूबाबा, आत या!” नर्सने हाक मारली.

“बाय, दुसऱ्याला घे. आमची गाय बाहेर हाय.”

“मग हेमांगीताई, तुम्ही या.”

हेमांगी अर्धवट उठली आणि तशीच गेमकडे वाकली.

“थांबा हो सिस्टर, शिंगं दारात आलीत.”