न्यूट्रलवाले निवृत्तीअण्णा

टाळकरी मंडळी, टाळ घडीभर मांडीवर ठेवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीपण जरा हात पुसून घ्या. आणि आता ऐका! एक प्रश्न विचारतो. ज्याला काही येत नाही, त्याला शिकवता येतं — बरोबर? पण ज्याला सगळं येतं, त्याला शिकवायचं कुणी? देवानं? अहो, देव खाली उतरला तरी हा म्हणणार, "देवा, तू जरा बाजूला सर, मी दाखवतो!"

हसताय काय? असला एकेक नग प्रत्येकाच्या घरात असतो. कुणाकुणाच्या घरात तर तो आरशातच दिसतो!

तर अशाच एका माणसाची गोष्ट. नाव निवृत्तीअण्णा ढमाले, गाव पाटणच्या डोंगरात. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर! एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आणि डिझेल वाचवण्यात तर अण्णांचा हात धरणारा आगारात कुणी नव्हता. युक्ती काय? उतार लागला की गिअर काढायचा, न्यूट्रल करायचं, आणि गाडी द्यायची सोडून! डिझेल वाचलं म्हणून साहेबांनी नारळ-टॉवेल देऊन सत्कार केला. ते कसं वाचलं, हे साहेबांनी विचारलं नाही, अण्णांनी सांगितलं नाही.

पण मंडळी, एवढ्या मोठ्या माणसाच्या काळजात एक काटा होता. मंडळी सोनाबाई — म्हणजे अण्णांची मंडळी, तुम्ही नव्हे! — गावच्या महिला भजनी मंडळाच्या म्होरक्या. गळा असा, की ऐकणाऱ्यानं हातातला घास हातातच ठेवावा. दरवर्षी कराडला भजनाची स्पर्धा, आणि दरवर्षी अण्णा ड्यूटीवर. एकतीस वर्षांत बायकोला स्टेजवर गाताना एकदा ऐकलं नाही! घरी ऐकलं की नाही? ऐकलं की! पण ते भजन नव्हतं.

यंदा अण्णा रिटायर झालेले. म्हणाले, "सोने, यंदा मी स्वतः तुला नेणार. पहिल्या रांगेत बसणार!" ती एवढी मोठी बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली.

आता गाडी कुणाची? पोराची. पोरगा पुण्यात, सून रेवती सुट्टीला गाडी घेऊन आलेली. गाडी ऑटोमॅटिक! क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. आपण नुसतं सांगायचं — पुढं, मागं, नाहीतर उभी राहा. रेवती म्हणाली, "अण्णा, मी चालवते ना. मला सवय आहे."

"सूनबाई, ज्यानं साठ माणसं घेऊन घाट उतरलाय, त्याला तू खेळणं चालवायला शिकवणार?"

झालं! बाकीच्या बाया पेटी-टाळ घेऊन जीपनं पुढं गेल्या. अण्णा स्टेअरिंगवर, शेजारी रेवती, मागं सोनाबाई. भजनाचा नंबर बारा वाजताचा, घर सोडलं नवाला.

अंगणातून गाडी मागं घेतली. अजून मागंच चालली होती, तेवढ्यात अण्णांनी गिअरचा दांडा 'पुढं'वर ओढला. खाट्!

"अण्णा, गाडी पूर्ण थांबू द्या, मग दांडा हलवा. गिअरबॉक्सच्या आतल्या चकत्यांना मार बसतो."

"बरं, बरं."

बरं म्हणजे काय मंडळी? बरं म्हणजे नाही! सासऱ्याचं 'बरं' सुनांना बरोबर कळतं.

पुढं उतार लागला. अण्णांचा हात आपोआप गेला — न्यूट्रल! रेवती दचकली. "अण्णा, ह्या गाडीत असं करत नाहीत! परत गिअर पडताना आत हिसका बसतो."

"अगं, डिझेल वाचतंय!"

"नुसता पाय काढला ना, तरी ही गाडी स्वतःच डिझेल बंद करते."

अण्णा हसले. गाडी कधी स्वतः डिझेल बंद करते का? तळाला आले, दांडा धाडकन 'पुढं'वर, पाय दाबला. खाट्! देवळापाशी नारळ घ्यायला थांबले, तर चाकं फिरतायत तोवरच 'उभी राहा' करून टाकलं. आतून करकर आवाज आला.

"अहो, ती कण्हतेय," मागनं सोनाबाई.

"नवी आहे. रुळेल."

रुळेल! अहो, चार वर्षं रुळलेलीच होती ती!

मग चढ आला. पुढं उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक, मुंगीच्या पावलानं. अण्णांनी ब्रेक लावला का? नाही! अॅक्सिलरेटर अर्धवट दाबून, चढावर गाडी जागच्या जागी तोलून धरली. मागं जात नाही, पुढं जात नाही. अर्धा तास! "बघ सूनबाई, ह्याला म्हणतात कसब!"

कसब कसलं! आत गिअरबॉक्सचं तेल उकळत होतं. जळका वास आला, लाल दिवा लागला, आणि ट्रॅक्टर हलले तेव्हा अण्णांनी पाय दाबला — इंजिन बोंबलतंय, गाडी हलत नाही!

वाजले पावणेअकरा. सोनाबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या डोंगराकडं बघत बसल्या. मंडळी, बायको बोलते तेव्हा भिऊ नका. गप्प बसते तेव्हा भ्या!

तेवढ्यात खालनं एसटी आली. ड्रायव्हर कोण? हणमंत! अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. उडी मारून खाली आला, पाया पडला. "वस्ताद, काळजी नको! दोर आहे. बांधतो, ओढत नेतो कराडपर्यंत!"

अण्णांच्या जिवात जीव आला. गाडीही जाईल, बायकोही पोचेल, आणि लाजही राहील! दोर घेऊन वाकणार, तोच रेवती बंपरसमोर उभी राहिली.

"अण्णा, नका ओढू. इंजिन बंद असताना पुढची चाकं रस्त्यावर फिरली की आतला गिअरबॉक्स तेलाशिवाय फिरणार. आता निदान दुरुस्त तरी होईल. ओढली तर संपला."

आता बघा! अख्खी बस खिडक्यांतून माना काढून बघतेय. समोर चेला उभा, हातात दोर. आणि कालची सून सांगतेय — नका! अण्णांचे कान लाल झाले. एकतीस वर्षं घशाशी आली. काय बोलले असतील? तुम्ही काय बोलला असता?

अण्णांनी मागं बघितलं. सोनाबाईंनी पदर खोचला होता, डोळ्यांत पाणी होतं. आणि अण्णांना पहिल्यांदाच कळलं — सकाळपासून ही पोरगी चार वेळा बोलली, चारी वेळा खरं बोलली.

"हणमंता, दोर ठेव." मग सुनेकडं वळले. "सूनबाई, मला काही कळत नाही. काय करू, तू सांग."

"तुम्ही आईंना घेऊन बसनं जा. मी गाडीपाशी थांबते, उचलून न्यायची गाडी बोलावते."

"अगं, मग तुझं ऐकायचं राहील!"

"सुट्टीला आल्यापासून मी आईंचं रोज ऐकतेय, अण्णा. राहिलंय ते तुमचंच."

अण्णा सोनाबाईंना घेऊन बसमध्ये चढले, तिकीट काढलं! आणि पलीकडचा उतार लागला, तसं हणमंतानं काय केलं? न्यूट्रल!

"गिअरात ठेव, हणमंता!"

"वस्ताद, तुम्हीच शिकवलंय!"

"चुकीचं शिकवलं, बाबा! गिअरात असली तरच इंजिन गाडीला आवरतं."

बारा वाजता पोचले. अण्णा पहिल्या रांगेत बसले. सोनाबाईंनी डोळे मिटले, सूर लावला — आणि हा डोंगरातला गडी टोपी तोंडाला लावून लहान पोरासारखा रडला! किती वर्षं आपण हे घालवलं, म्हणून रडला, आणि आज मिळालं म्हणूनही रडला. नंबर कितवा आला म्हणताय? दुसरा! तुम्हाला तेवढंच पडलंय!

संध्याकाळी मिस्त्रीनं सांगितलं, "तेल जळून काळं झालंय, चकत्या बदलाव्या लागतील, पण गिअरबॉक्सचा डबा वाचला. ओढली असती तर भंगार." अण्णा रेवतीला म्हणाले, "पोरी, उद्या सकाळी मला गाडी शिकव. पहिल्यापासनं."

ह्यालाच म्हणतात ज्ञान, मंडळी! जुन्या गाडीत जे पुण्य वाटलं, ते नव्या गाडीत पाप ठरतं. काल जे बरोबर वाटलं ते आजही बरोबर आहे का, हे विचारायला लाज वाटते — तिथंच गाडी अडते. आणि सांगणारं कुणी परकं नसतं हो! आपल्याच शेजारी बसलेलं असतं, हळू आवाजात सांगत असतं.

तर आता हात वर करा, मोठ्यानं देवाचं नाव घ्या! घेतलं? छान. आता हात खाली घ्या, आणि एवढंच आठवा — आज सकाळी घरात तुम्ही कुणाला 'बरं, बरं' म्हणालात?