होणाऱ्या सुनेच्या गिटारीला तारा

सांगलीत पेटी दुरुस्तीला घेऊन मी वाद्यांच्या दुकानात थांबलो होतो. माझ्यापुढं फलटणचे एक ऊस बागाईतदार कोरी गिटार घेऊन उभे होते.

“बाहुबलीशेठ, हिला तारा बसवा.”

“नायलॉनच्या का पोलादाच्या, लालासाहेब?”

“लखलखत्यात कुठल्या? पुण्याचं पाव्हणं घर बघायला येणार हाईत. भिंतीला लावायची हाय.”

“चिरंजीव वाजवतात?”

“त्यो कसला वाजवतुय! त्यांची पोरगी शिकतीया. आमी लय सुधारलेली माणसं, हे त्यास्नी दिसाय पायजे.”

“मग नायलॉनच्याच घ्या. पोलादानं सूनबाईंची बोटं सोलून निघतील.”

“किती दिवसांत?”

“आठवडाभरात.”

“मग पोलादाच्याच बसवा. आपणहून सोडंल. आमाला न्हाई म्हणाय नको.”