शकुनचं ध्यान आणि माझं घोरणं

नाही, पण मला एक सांगा, जी मुलगी शाळेत आधीच तोंड उघडत नाही, तिला आणखी गप्प बसायला शिकवायचं? आणि वर त्याला म्हणायचं मानसिक विकास? तुम्हाला सांगतो, पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली, मी ट्रामला सरावलो, आमची ही मोहरीच्या तेलाला सरावली, पण आमची शकुन... सात वर्षांची पोर, घरी अखंड बडबड, आणि शाळेत मुकी! बंगाली येत नाही ना! महिने गेले, एक शब्द नाही. हिच्या डोळ्याला पाणी. आणि शाळेनं औषध काय काढावं? योगासनं आणि ध्यान! डोळे मिटा, श्वास घ्या!

तसाच तणतणत शाळेत गेलो. मोठ्या बाई, पांढरी साडी, जाड चष्मा. म्हटलं, "अहो, आमची मुलगी बोलत नाही!" तर शांतपणे म्हणतात, "लिमोयेबाबू, बाकी शोब क्लास में बांगला लागता है. इसमें नेही लागता. आप बोशिए."

कुठे बसू? तर ध्यानाच्या वर्गात, सतरंजीवर, पोरींच्या मागं! पाटलून सावरत मांडी घातली, गुडघा कुरकुरला... डोळे मिटा, श्वास घ्या! मी आपला एक डोळा किलकिला करून बघतो तर काय, बाकीच्या पोरी चुळबुळताहेत, चिमटे काढताहेत, आणि आमची शकुन ताठ, निवांत... इथं आल्यापासून पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी नव्हती हो! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि त्यात वर पंखा, एप्रिलची दुपार, पोटात भात... डोळे मिटले, श्वास घेतला... तो घोरतच बाहेर पडला!

आधी खसखस, मग हशा, आणि त्या हशात एक खणखणीत आवाज, "बाबा, चूप कोरो!"

शकुन! बंगालीत! अख्ख्या वर्गासमोर! एवढे दिवस पोरीनं कानात साठवलं होतं म्हणायचं! पोरी तिच्याभोवती गोळा, "तोमार बाबा? तोमार बाबा?" आणि ही हातवारे करून सांगत्येय, मी घरी कसा घोरतो ते! मला लाज वाटायला हवी होती, पण मी आपला रुमाल शोधत होतो.

आता? आता पहाटेपासून बंगाली सुरू! ट्रामच्या कंडक्टरशी, मासेवाल्याशी... अहो, आम्ही मासे खातच नाही! मी मधे काही बोलायला गेलो की, "बाबा, चूप कोरो!" मग काय, गॅलरीत सतरंजी टाकतो, डोळे मिटतो, श्वास घेतो... मानसिक विकास, दुसरं काय! फक्त आमच्या घरात आता तो माझा चाललाय.