न वाजलेला भोंगा

सभेच्या अध्यक्षा श्रीमती सोहैर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, विमा कचेरीतले लहानथोर आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या मादाम इनायत, सर्वांना माझा सलाम. अलेक्झांड्रियाच्या गोदीत पाठीवर कापसाच्या गाठी वाहत मुकादम, गोदीच्या बोलीत मुअल्लिम, झालेला मी माणूस. माझ्या हाती माइक दिलात, आता भोगा!

कामगाराच्या अपघातात बाहेरच्या कुणाची चूक होती का, हे शोधणं मादामचं काम. सोपं वाटतं ना? पण आमच्याकडे जखमी माणसाला विचारा, चूक कुणाची? तो आभाळाकडे बोट दाखवतो. आता देवाला नोटीस कुठल्या पत्त्यावर धाडायची?

त्या हिवाळ्यात गोदीवर असं धुकं उतरलं की जहाजं नाहीशीच झाली, नुसते त्यांचे दिवे अधांतरी. अशात भाड्याची फोर्कलिफ्ट मागे आली आणि माझा हमाल शहाता तिच्याखाली सापडला. पाय गुडघ्याखालून गेला. आमचा विमा इस्पितळापुरता. पुढच्या आयुष्याची भरपाई हवी, तर फोर्कलिफ्टच्या मालकाची चूक सिद्ध व्हायला हवी होती. आणि हा गडी म्हणतो, "चूक माझीच. मीच आडवा गेलो."

इस्पितळात त्याच्या खाटेशी, मादामसमोरच मी कावलो. "गाढवा, घरी पोरंबाळं आहेत तुला!"

"मुअल्लिम, ओरडू नका. त्या सकाळी फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर अतियानं आणि मी एका वाडग्यात पाव बुडवून फुल-मदम्मसची उसळ खाल्ली. ज्याच्याबरोबर मीठभाकर खाल्ली, त्याच्यावर बोट ठेवू?"

मादामनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "नको ठेवूस. डोळे मीट आणि काय काय ऐकलंस तेवढं सांग."

शहातानं डोळे मिटले. वॉर्ड कसा दूर दूर गेला. "समुद्रपक्षी... जहाजाची शिटी... कुणाचा तरी रेडिओ... मुअल्लिमच्या शिव्या."

"आणि गाडी?"

"गाडी ऐकूच आली नाही, मादाम. स्वप्नात माणसं येतात ना, तशी आली."

मागे येताना वाजणारा भोंगा वाजलाच नव्हता!

तिथून मादाम अतियाकडे गेल्या, मी मागोमाग. फुटपाथवर त्याच्याशेजारी बसल्या नि एवढंच म्हणाल्या, "शहाता सगळं स्वतःवर घेतोय. का, ते तुला ठाऊक आहे."

मला वाटलं, हा आता पळतो. त्यानं टोपी काढली. "भोंग्याची तार मालकानं तोडायला लावली. गोदामात आवाज घुमतो म्हणे. मी नको म्हणत होतो."

"हे कोर्टात सांगशील? नोकरी जाईल हं."

"नाही सांगितलं, तर पुन्हा त्याच्यासमोर जेवायला कसा बसू, मादाम?"

नोकरी गेलीच. शहाताला भरपाईही मिळाली. अतियाला मी ठेवून घेतला. एवढा खरा माणूस बाजारात कुठे मिळतो?

मादाम, चूक कुणाची विचारणारे आम्हाला उद्याही भेटतील. डोळे मिटून आठवायला सांगणारं कोण भेटणार?

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, एखादा शब्द गोदीतला निसटला असेल, तर हमालाची जीभ म्हणून पोटात घाला.