पंचावन जोर

आमचं गाव कुरुंदा, वसमतच्या अंगाला. जन्म इथलाच आन् मरनबी इथंच, दुसरीकडं मला कोन नेतंय. बाप हळद शिजवायचा, लोकं बोलवायचे त्याला हळदीच्या कढईवर, आन् म्या ल्हानपनापासून त्या कढईखाली लाकडं वढून वढून असा भरलो की माय म्हनायची, किसन्या, दारातून येताना आडवा होऊन येत जाय. खायाला जवारीची भाकर आन् अंबाडीची भाजी, पन काय सांगू तुमाला, अंग असं होतं की तालमीत पयल्यांदा लंगोट लावून हुभा राहिलो तर वस्ताद नुसते बघतच राहिले.

वस्ताद म्हंजे चाँद वस्ताद. कापूस पिंजायचा धंदा त्याह्यचा, गावच्या समद्या गाद्या त्याह्यच्याच हातच्या, आन् सकाळी तालीम. माझ्यापेक्षा वीस वर्सांनी मोठे. मराठी आमच्यावानीच बोलायचे, राग आला की मातर हिंदी. त्याहीनं मला जोर शिकवले, बैठका शिकवल्या, डाव शिकवले. हजार हजार जोर मारायचो म्या. खोटं वाटत असंल तर नका लिहू. आन् जोर झाले की एकमेकाची पाठ चोळायची, ही तालमीची रीत. पाय आपले आपुन चोळतो, हात चोळतो, पन पाठ न्हाई चोळता येत. पाठीला दुसरा मानूस लागतो.

आता गोट्याचं सांगतो. मारुतीपुढं एक दगडाचा गोटा हाय, तुमी येताना पाहिला असंल. नागपंचमीच्या दिवशी तो जो पयला खांद्यावर घेईल त्याला मानाचा नारळ. तो नारळ म्या चढत्या वयात घेतला तो मंग सोडलाच न्हाई, दुसऱ्या कोनाचा हात गोट्याला लागू देत नव्हतो. घरी कौसा होती, माझी बायको, ती त्या नारळाच्या वड्या करायची. तिला तापानं नेलं. लेकरू न्हाई झालं आमाला. मंग नारळ आनून म्या फोडायचोबी न्हाई, नुसता कोनाड्यात ठेवायचो, पन घ्यायचोच.

पंचेचाळीसाला आलो आसंल तव्हाची गोष्ट. गुडघे वाजायले, दम लागायला, पन जोर तेवढेच, दूध-तूप तेवढंच. वस्ताद म्हनाले, किसन, आता उतरनीला लाग, गोटा दुसऱ्याला दे, जोर निम्मे कर, जेवन निम्मं कर. म्या म्हनलं काहून? ते म्हनाले, अंग तुला सांगून राहिलं, तू ऐकून न्हाई राहिला. तव्हा त्याह्यचे हात कापायला लागले होते, चहाची बशी धरली की वाजायची. आन् म्या, मायला, चार मानसांत बोललो, तुमचे हात कापतात म्हून समद्याचेच कापावे असं वाटतं का तुमाला? त्याहीनं शिवी घातली न्हाई. हिंदीतबी न्हाई. बशी खाली ठेवली आन् घरी गेले.

त्याच पंचमीला म्या गोटा उचलला. गुडघ्यापोतर आला, छातीपोतर आला, आन् कमरंत असं काही सुटलं की म्या आन् गोटा दोघंबी खाली. लोकाह्यनं खाटंवर घालून घरी नेलं, पानी ठेवलं उशाला, आन् गेले. ज्याची त्याची कामं असतात, म्या कोनाला दोष देत न्हाई. पन दोन दिस म्या छताकडं बघत पडलो, कूस बदलता येईना, उशाचं पानी संपलं तरी हाक मारायची लाज वाटायली, पैलवान मानूस पान्यासाठी वरडायला का?

तिसऱ्या दिवशी वस्ताद आले. हातात करडीचं तेल आन् हळद. म्हनाले, पाठ कर. त्याहीनंच मला पालथं केलं, आन् चोळाया लागले. त्याह्यचे हात कापत होते. ते कापनं माझ्या पाठीवर समजत होतं, तेलातून समजत होतं, आन् म्या उशीत तोंड घालून रडलो बापा. सव्वा महिना आले, रोज. ते बोललेलं माफ करा म्हनावं असं रोज मनात यायचं. उद्या म्हनू, उद्या म्हनू.

उठून बसलो तव्हा ते म्हनाले, लोकं औंढ्याला नागनाथापुढं वांगं सोडतात, केळ सोडतात, की आता हे जन्मभर खानार न्हाई. तू तसे जोर सोड. शंभरापासून धर, आन् दर पंचमीला पाच सोडायचे, माझ्या हातावर. सोडले की त्याच्या बदल्यात गावाभवती चालायचं. आन् तसंच केलं आमी. पंचमीला आखाड्याची माती खनायची, तिच्यात हळद, तेल, ताक घालायचं, मंग चिमूटभर माती म्या त्याह्यच्या तळहातावर ठेवायचो आन् म्हनायचो, पाच सोडले. ते म्हनायचे, सोडले तं सोडले, आता मोजू नको. नऊ पंचम्या झाल्या तशा. गोट्याला म्या हात लावला न्हाई. गुडघे गप झाले, झोप लागाया लागली. सकाळी दोघं चालायचो कुरुंद्याभवती, ते म्हातारे म्हून हळू, म्या त्याह्यच्यासाठी हळू असं म्हनायचो, पन खरं तर मलाबी तेवढंच जमायचं. दोन्ही घरं रिकामीच की, त्याह्यचीबी बायको मागंच गेली होती.

औंदा दिस खराब आले. निजामाचं राज्य डळमळायलं, मानूस मानसाकडं वेगळंच बघायलं, तालमीत कोनी येईना. पंचमीच्या आंदी त्याह्यचा जावई हैद्राबादेहून आला, म्हनला, अब्बांना नेतो, लेकीनं धोसरा लावला. जायच्या सकाळी वस्ताद तालमीत आले, म्हनाले, पाठ कर. म्या आखाड्यात पालथा पडलो. तोंड मातीकडं होतं, बोलायला सोपं होतं, दहा वर्सांचं एक वाक्य, ते तेवढं बोलायचं होतं. न्हाई बोललो. त्याहीनं पाठ चोळली, खांद्यावर थाप मारली, आन् म्हनाले, ये पंचमी को पाँच छोड देना. रागात नव्हते, तरी हिंदीत बोलले. म्या मान वर करूस्तोर दारात कोनी न्हाई.

मंग तिकडं फौजा आल्या, राज्य गेलं, लोकाह्यनं पेढे वाटले, म्याबी खाल्ला एक. वस्तादचा मातर काही पत्ता न्हाई. हैद्राबादेहून येनाऱ्या मानसाला विचारतो, पिंजारी म्हातारा, हात कापतात, पाहिला का? लोकं म्हनतात, एवढ्या मोठ्या शहरात, बुवा, कसं सांगावं.

औंदाची पंचमी फौजा यायच्या आंदीच आली, तव्हा म्या एकट्यानंच माती खनली. हळद घातली, तेल घातलं, चिमूट घेऊन हुभा राहिलो. कोनाच्या हातावर ठेवू? तशीच परत आखाड्यात टाकली. पाच न्हाई सोडले. पंचावन होते, पंचावनच मारतो. शेवटच्या पाचाला कंबर ठनकते, डोळ्यापुढं अंधारी येते, वस्ताद पाहतील तर शिव्या घालतील, घालू द्या, येऊन घालू द्या. ते आले की त्याह्यच्या हातावर सोडीन, आन् त्याच वक्ताला ते दुसरंबी बोलीन.

तोवर पाठीचं कसं करता, म्हनता? तालमीच्या मधोमध सागाचा खांब हाय. त्याला तेल लावतो आन् टेकून घासतो पाठ. बराबर चोळल्या जाते, तकलीफ न्हाई. खांब कापत न्हाई, एवढंच. तुमी चला आता, उनं चढायली. आन् घरी कोनी म्हातारं असंल तर त्याला बोलायचं ते आजच बोला, आन् त्याची पाठ चोळा.