पांढऱ्या पापण्या

(किल्लारी. पुण्याच्या एका खेळण्यांच्या कंपनीत चित्रं काढणारी ऋतुजा आपल्या आजीकडं, केवळाबाईंकडं आली आहे.)

ऋतुजा : बाहुली पेटीतून काढायची नसेल तर राहू दे, आजी. पण कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं तरी बोल. तेवढ्यासाठीच कंपनीनं मला पाठवलंय.

केवळाबाई : काय बोलू? चिंध्यांची बाहुली हाय. शिवली, ठिवली.

ऋतुजा : तेच सांग. ती बघूनच मी कंपनीची ही निजू बाहुली काढली. सात वर्षांची असताना तुझी पेटी उघडून ती हातात घेतली, आणि तू अशी चापट मारलीस की संध्याकाळपर्यंत गाल लाल. पुन्हा बघायला मिळणार नाही म्हणून वहीत तिचं चित्र काढून ठेवलं. तेच पुढं कॉलेजात दाखवलं, मग कंपनीत. आता मोठी माणसं तिच्यासाठी रांगा लावतात.

केवळाबाई : मोठी माणसं? बाहुलीसाठी?

ऋतुजा : हो. बारा प्रकार आहेत. आपल्या खोक्यात कुठला निघेल ते आधी कळत नाही.

केवळाबाई : दात न बघता बैल घ्यायचा म्हण की. लई येडी हायेत तुझी गिऱ्हाइकं.

ऋतुजा : हस तू. हात पुढं कर. अकरा जणींचे डोळे उघडे आहेत, ही बारावी बंद डोळ्यांची. शंभर खोक्यांत एखादी निघते. निघाली की पोरी नाचतात, फोटो टाकतात.

केवळाबाई : हात बी तसाच ठिवलास. कानाखाली.

ऋतुजा : तुझ्या बाहुलीचा होता तसा. आणि पापण्या बघ. पांढऱ्या दोऱ्याच्या पापण्या मी दुसरीकडं कुठंच बघितल्या नाहीत. सगळे विचारतात, पांढऱ्या का? मी सांगून टाकलं, चांदण्यात झोपलीय म्हणून.

केवळाबाई : माती हाय ती.

ऋतुजा : कसली माती?

केवळाबाई : पांढरी. माळवदाची, घराच्या छतावरची. तुझी आत्या अशीच सापडली.

ऋतुजा : पुनम आत्या? पप्पा म्हणतात भूकंपात गेली. त्यापुढं कधी बोलत नाहीत.

केवळाबाई : बालाजी तरी काय बोलंल? गणपती बुडवून तुझा आजा त्याला घिऊन शेतात निजाया निघाला. पुनम बी मागं लागली. दंव पडतंय, खोकला वाढंल म्हणून मीच दंडाला धरून माघारी आणली. पाच वर्साची व्हती. पहाटं घर बसलं. मला लवकर काढलं, तिला दुपारी. अंगावर वरखडा न्हाई. जशी निजली तशीच. मी पापण्या पुसाया गेले, तवर कुणी तरी वढून नेली.

ऋतुजा : आजी, मला माहीत असतं तर...

केवळाबाई : एवढ्या लेकराला जाळत न्हाईत, बाई. मातीत ठिवतात. पर मुडदे किती, वरून पाऊस. पडल्या घराचीच लाकडं रचली आन समद्यांसंगं तिला बी अग्नी दिला. तिला माती मिळाली न्हाई, म्हणून तिच्या परकराची ही शिवली. तिच्या जागी पुरावी म्हणून.

ऋतुजा : मग पुरली का नाहीस?

केवळाबाई : खड्डा खणला की. खाली ठिवायला हात उचलंना. एकडाव मातीतून काढलेली, पुन्यांदा कशी घालू? मंग पेटीत ठिवली. तुझ्या आज्याला बी कळू दिलं न्हाई.

ऋतुजा : मी कंपनीशी बोलते. ही बारावी बंद करा म्हणते.

केवळाबाई : ऐकतील?

ऋतुजा : नाही. चित्र मी सही करून दिलंय, ते आता त्यांचं. आणि हे कळलं तर ते बंद नाही करणार, आजी. हेच खोक्यावर छापतील. मी ओळखते त्यांना.

केवळाबाई : मंग सांगू नगस.

ऋतुजा : नाही सांगत.

केवळाबाई : डोळे तरी उघडता येतील का हिचे?

ऋतुजा : साचा झालाय. चाळीस हजार निघाल्यात.

केवळाबाई : चाळीस हजार पुनम.

ऋतुजा : असं म्हणू नको ना.

केवळाबाई : कुठं ठिवतात तिला?

ऋतुजा : बॅगेला लटकवतात. उशाशी घेतात. काही जण खोकं फोडतच नाहीत. हातात तोलून ओळखतात आत तीच आहे, आणि तशीच कपाटात ठेवून देतात. न फोडलेलीला मोल जास्त येतं.

केवळाबाई : आत हाय हे ठाऊक असून?

ऋतुजा : हो. वर्षानुवर्षं.

केवळाबाई : तेवढं तरी लिही, बाई, त्यांला. लवकर काढा म्हणावं.